बर्फातल्या देवळाला हिंग

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "वहिनी, यंदा आपण कॅनडातल्या करिअरवर विभाग करतोय. आयटीवाले पोत्याने मिळाले. तुमचं जरा हटके आहे, एक सक्सेस स्टोरी द्या ना." मी म्हटलं, "माझी सक्सेस एवढीच, की जपानमधल्या एका देवळाला मी हिंग लावला आणि तरी मला नोकरीवरून काढलं नाही." ते हसले आणि "छान, छान, हजार शब्द" म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांना वाटलं, मी विनोद करते आहे. हे हजार शब्दांत बसणार नाही, ते त्यांना अंक लावताना कळेल.

मी बर्नाबीत बारा वर्षं एका फ्रेमच्या दुकानात काम केलं. फ्रेमचं दुकान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि गेलेल्या माणसांना घालायचे चंदनी हार येतात. आमचं दुकान तसं नव्हतं. आमच्याकडे कागदावरची जुनी चित्रं यायची, आणि त्यातही जपानी ठशांची चित्रं फार. हे ठसे म्हणजे लाकडाची फळी. तिच्यावर चित्र कोरायचं, रंग लावायचा, वर कागद ठेवायचा आणि पाठीमागून घासायचं. दर रंगाला वेगळी फळी, म्हणजे एका साध्या दिसणाऱ्या चित्रामागे लाकडाची वखार उभी असते. व्हँकुव्हरच्या बाजूला जपानी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत आणि जपानला जाऊन आलेले गोरे त्यांच्याहून जास्त आहेत, त्यामुळे आम्हाला गिऱ्हाइकांची ददात नव्हती.

आणि चित्रं कशाची? बर्फातल्या देवळांची. मासे, पूल, नटव्या बायका हेही असायचं, पण हिवाळ्यातलं देऊळ म्हणजे हुकमी. लाल दरवाजा, काळं छप्पर, छपरावर हातभर बर्फ आणि खाली छत्री घेऊन चाललेलं एक एकटं माणूस. मी नागपूरची. आमच्याकडे देवळात जायचं तर उन्हाने पाय भाजतात म्हणून बायका फरशीवरून पळत जातात. पहिलं चित्र बघितल्यावर मी मालकिणीला विचारलं, "एवढ्या बर्फात ही बाई दर्शनाला कशाला निघाली आहे? देव उद्या भेटणार नाही का? आणि चपला बाहेर काढल्या तर परत येताना सापडणार कशा?" मालकीण म्हणाली, मी तीस वर्षं ही चित्रं बघते आहे, पण चपलांचा विचार कधी केला नाही.

ही आयरीन. सत्तरीला टेकलेली, खांबासारखी उंच, आणि बोलणं फटकळ. वर्षानुवर्षं सिगारेटी ओढून तिच्या नाकाने राजीनामा दिला होता. कसला म्हणून वास तिला येत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा असं मी सांगणार नाही, पण माझं नशीब तिथेच फुटलं.

नोकरी मला मिळाली ती नाइलाजाने. आमचे हे, म्हणजे प्रकाश, ज्या कंपनीसाठी आम्ही बर्नाबीला आलो तीच वर्षभरात बुडाली. प्रकाश दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून जिथे तिथे अप्लाय करायचा. माझ्याकडे रसायनशास्त्रातली एम.एस्सी. होती, तिला इथे कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. एकदा ग्रोसरी घेऊन येताना दुकानाच्या काचेवर 'मदतनीस हवा' अशी पाटी दिसली. आत गेले. आयरीनने विचारलं, "कागद पिवळा का पडतो?" मी म्हटलं, "ॲसिडमुळे." तिने विचारलं, "फ्रेम करता येते?" म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "उत्तम. म्हणजे चुकीचं काही शिकलेली नाहीस. सोमवारी ये."

आमच्या धंद्यात एकच मोठा नियम. आज तू जे करशील ते उद्या दुसऱ्या कुणाला तरी उलटवता आलं पाहिजे. चित्र पुठ्ठ्यावर कायमचं चिकटवायचं नाही. सेलोटेप दिसली की आयरीनच्या तोंडातून अशा शिव्या निघायच्या, की मी माझं निम्मं इंग्रजी तिथे शिकले. चित्राला मागून दोन पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या लावायच्या, त्यावर ते टांगायचं, बस. पट्टी लावायची ती खळीने, कारण खळ पाणी लावलं की सुटते. फाटलेलं जोडायचं तेही खळीनेच. सगळा धंदा म्हणजे पुढच्या माणसाची सोय बघणं. मला हे फार आवडलं. लग्नाला हा नियम असता तर किती बरं झालं असतं, असं मी एकदा म्हणाले, तेव्हा आयरीन, जिचे तीन घटस्फोट झाले होते, म्हणाली, "असतो. फक्त वकील लागतो."

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. एका काँडोवाल्या बाईंना बर्फ जास्त पांढरा करून हवा होता, कारण त्यांचा सोफा पांढरा होता. मी त्यांना समजावलं, की बाई, या चित्रात बर्फ छापलेलाच नसतो. बाकी सगळं छापतात आणि कागद जिथे कोरा सोडतात तिथे आपल्याला बर्फ दिसतो. कागद म्हातारा झाला की बर्फही म्हातारा होणार. त्या म्हणाल्या, "सो बेसिकली, तुम्ही मला काही नसलेल्याच्या फ्रेमिंगचे पैसे लावताय?" आपलेच एक पुण्याचे गृहस्थ आले होते, ऑफिसने जपानला पाठवलं तिथून चित्र आणलेलं. ते देवघरात लावायचं होतं. त्यांनी तीनदा विचारलं, "पण आत देव नेमका कोणता आहे?" मी म्हटलं, दार बंद आहे, मला कसं दिसणार? ते नाराज झाले. पुढे त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले तर काचेवर, बरोबर दरवाज्याच्या मधोमध, कुंकवाचं बोट लावलेलं. काच मी बसवली होती म्हणून बरं.

आता खळीबद्दल. एका हिवाळ्यात आमची खळीची पावडर यायला उशीर झाला. आयरीन डबा उलटा करून आपटत होती. मी विचारलं, ही खळ असते तरी कशाची? ती म्हणाली, गव्हाच्या सत्त्वाची, चिकट भाग धुऊन काढलेल्या. मी हसायलाच लागले. अहो, हा तर कुरड्यांचा चीक! गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे, आणि खाली जे पांढरंशुभ्र बसतं ते सत्त्व. आमच्याकडे शाळेतली पोरगीसुद्धा करते. मी घरी करून बरणी भरून नेली. आयरीनने शिजवली, बोटांत घासून बघितली, कागदावर लावून वाळवली, आणि तीन दिवसांनी म्हणाली, "यापुढे पावडर मागवायची नाही." त्या वाक्याने मला जेवढा आनंद झाला तेवढा एम.एस्सी.च्या निकालाने झाला नव्हता. त्यानंतर दुकानातली प्रत्येक खळ माझ्या घरची. बर्नाबीतल्या कित्येक भिंतींवर आमच्या वाळवणाच्या जिवावर देवळं लटकत होती, आणि मी मिरवत होते.

मिस्टर ओकाडा आले ते एका उन्हाळ्यात. सत्तरीच्या आतले, लाकडाच्या गिरणीतून रिटायर झालेले, नीट इस्त्रीचा शर्ट. काखेत पिझ्झाचा रिकामा खोका आणि खोक्यात चित्र. बर्फातलं देऊळ, अर्थातच. मधोमध वीतभर फाटलेलं, त्या चिरेवर तपकिरी डाग, पाठीला जुन्या वर्तमानपत्राचे थर आणि खालचा उजवा कोपरा दोन बोटं कुरतडलेला.

त्यांनी सांगितलं ते असं. दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रू झाला तेव्हा कॅनडाच्या सरकारने किनाऱ्यावरच्या जपानी कुटुंबांना उचलून आत डोंगरात नेऊन ठेवलं. घरं, होड्या, सगळं मागे राहिलं. यांच्या आईने गोधडीत गुंडाळून हे चित्र नेलं. तिथल्या खोपटांच्या फळ्या ओल्या लाकडाच्या, त्या वाळल्या आणि फटी पडल्या. फटीतून बर्फ आत यायचा. आईने फटींवर आधी वर्तमानपत्रं चिकटवली, ती पुरेनात तेव्हा भाताची खळ लावून हे चित्र चिकटवलं. "टु कीप द स्नो आउट," मिस्टर ओकाडा म्हणाले. बर्फ अडवायला बर्फाचं चित्र. मी हसले, मग हसले म्हणून मला कसंतरीच झालं, पण तेही हसत होते.

"कोपरा कुणी खाल्ला?" मी विचारलं.

"उंदरांनी," ते चटकन म्हणाले. "इट वॉज माइस. मी तेव्हाही सांगितलं होतं."

आयरीनने भिंग लावून बघितलं आणि तीस-पस्तीस वर्षांच्या अनुभवाने निकाल दिला, "उंदीरच. लहान असणार."

मिस्टर ओकाडांची मोठी बहीण फुमिको टोरांटोच्या बाजूला, मिसिसागाला राहायची. तिची पंचाहत्तरी होती. ती बर्नाबीला यायची होती, वाढदिवसाच्या शनिवारी सगळी भाचरं, नातवंडं जमणार, आणि तिला हे चित्र द्यायचं. आईच्या घरातली तेवढी एकच वस्तू उरली होती. फुमिकोचा दर फोनवर एकच प्रश्न असायचा, "ते देऊळ आहे ना अजून?" आईने मरताना ते मुलाला दिलं होतं आणि बहिणीने कधी मागितलं नव्हतं. "मागितलं नाही म्हणूनच द्यायचं आहे," ते म्हणाले. "पण फाटकं कसं देऊ? तिच्यासाठी ते पुन्हा नीट हवं."

सहा आठवडे होते. आयरीनने काम माझ्यावर सोपवलं. आयुष्यात एवढ्या मन लावून मी कुठलंच काम केलं नाही, स्वयंपाक तर नाहीच नाही. वर्तमानपत्र ओलसर करून नखाएवढं नखाएवढं सोडवलं. डाग पुष्कळसा काढला. चीर मागून जोडली. आणि कोपरा! कोपऱ्यात काय होतं? बर्फ. म्हणजे काहीच नाही. झाड असतं तर चार रेघांत डोळ्याला फसवता येतं, कोऱ्या कागदाला फसवता येत नाही. जुन्या कागदाच्या रंगाला रंग मिळवायला मी सोळा तुकडे रंगवून वाया घालवले. सतरावा बसला. कडा खरवडून पातळ केल्या, खळीने जोडला, वजनाखाली ठेवला. काढला तेव्हा आयरीनने भिंग लावलं आणि जोड शोधत राहिली. शेवटी म्हणाली, "कुठे आहे तो?" आयरीनच्या तोंडून याहून मोठी शाबासकी निघत नसे. चित्र फ्रेममध्ये गेलं, पाठ बंद झाली. सोमवारी सकाळी मिस्टर ओकाडा न्यायला येणार होते.

आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या बाल्कनीत कुरड्या चालल्या होत्या. त्या उन्हाळ्यात सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि कॅनडातलं ऊन फुकट जातंय याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. बाल्कनीत काही वाळत घालायचं नाही असा बिल्डिंगचा नियम आहे. त्यांचं म्हणणं, नियम कपड्यांना आहे, कुरड्यांना नाही. त्या सोऱ्या दाबत होत्या, मी चादर ताणून धरली होती आणि आमची सायली, वय वर्षं नऊ, नाक धरून दारात उभी होती.

"मॉम, इट स्मेल्स. दुकानाच्या जारसारखाच."

"दुकानाच्या जारला कसला वास?"

"आजीचा," सायली म्हणाली आणि आत गेली.

मी सासूबाईंकडे बघितलं. "आई, मागच्या महिन्यात मी दुकानासाठी एक पातेलं वेगळं ठेवलं होतं, त्यात तुम्ही काही टाकलं का?"

"टाकलं ना. मीठ टाकलं, हिंग टाकला. शेवटचं पाणी काढल्यावर."

"आई! ते दुकानाचं होतं!"

"मग? दुकानाचं म्हणून अळणी द्यायचं का? ती तुमची गोरी बाई काय म्हणेल, नागपूरच्या लोकांना चव नाही?"

"ती ते खात नाही, आई. आम्ही त्याने कागद चिकटवतो."

सासूबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. "तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक तुम्ही कागदाले लावता? काहून गं? इकडे फेविकॉल भेटत नाही का?"

एरवी हा संवाद मी मंडळात नकलेसकट करून दाखवला असता. त्या दिवशी मी चादर तशीच सोडून हिशेब मांडत बसले. हिंगाचं सोडा, तो वासापुरता. पण मीठ! मी रसायनशास्त्राची बाई. मीठ हवेतलं पाणी ओढतं. आज काही दिसणार नाही, पाच वर्षं दिसणार नाही, मग एक दिवस त्या चिरेवरून पुन्हा तपकिरी रेघ उमटेल आणि बर्फात पसरत जाईल. आणि मला वास कसा आला नाही? सासूबाई आल्यापासून आमच्या काँडोत हिंगाचा मुक्कामच होता. सगळ्या घराला तो यायचा, म्हणून कुणालाच येत नव्हता.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी आयरीनला सांगितलं. तिने आधी "जीझस मर्फी" म्हटलं, मग न लिहिण्यासारखं बरंच म्हटलं. मग विचारलं, "उलटवता येईल?"

"येईल. पण सगळं सोडवायचं, मीठ धुवायचं, पुन्हा जोडायचं, वाळवायचं. दोन आठवडे."

"शनिवारी वाढदिवस."

"हो."

आयरीन म्हणाली, "कुणाला कळायचं नाही, हनी. कळेल तेव्हा मी मेलेली असेन आणि तू तुझ्या कुरड्या वाळवत असशील." तिने सिगारेटचं पाकीट उचललं. "मी बाहेर जाते. परत येईन तेव्हा तू त्यांना सांगून झालेली असशील." आणि गेली. मला एकटीला सोडून गेली म्हणून मी तिला मराठीत जे म्हटलं तेही लिहिण्यासारखं नाही.

खरं सांगते, तेवढ्या दहा मिनिटांत मी न सांगायचं ठरवलंही होतं. म्हाताऱ्या बाईची पंचाहत्तरी, सगळा गोतावळा, आईची एकुलती आठवण, आणि मी त्यांना काय सांगणार? माझ्या सासूबाईंना तुमचं देऊळ अळणी वाटलं?

दार वाजलं. मिस्टर ओकाडा, आणि त्यांच्या दंडाला धरून एक बुटकी, ताठ बाई. निळा कोट, पांढरे बारीक कापलेले केस. फुमिकोबाई. सरप्राइज द्यायचं होतं ना, मी विचारलं. मिस्टर ओकाडा म्हणाले, "तिला मी कधीच फसवू शकलो नाही. विमानतळावरच तिने विचारलं, शर्टाला इस्त्री का?"

मी चित्र आणून काउंटरवर उभं केलं. बाई जवळ आल्या. आधी देऊळ बघितलं. मिस्टर ओकाडा चित्राकडे बघतच नव्हते, बहिणीच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा तो चेहरा बघून न सांगणं मला जमेना.

मी सगळं सांगितलं. चीक, पातेलं, मीठ, हिंग, सासूबाई. सांगताना माझं इंग्रजी लडखडलं, 'हिंग'ला शब्दच सापडेना, शेवटी "अ व्हेरी स्मेली स्पाइस" म्हणाले. चूक माझी आहे, शनिवारपर्यंत दुरुस्त होणार नाही, आय ॲम सो सॉरी. मिस्टर ओकाडांचा चेहरा पडला. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "पण मी तुम्हाला तारीख सांगितली होती."

फुमिकोबाई मात्र खांदे हलवत हसत होत्या. "आईच्या खळीतही मीठ होतं," त्या म्हणाल्या. "वेगळा भात कुठला आणायचा खळीसाठी? डब्यात न्यायचे भाताचे गोळे करायची, मिठाच्या हाताने वळलेले, त्यातलाच एक कुस्करला तिने. आम्ही बघत होतो. खायचा भात भिंतीला लावला म्हणून मी रडले होते."

मला वाटलं, सुटले. एवढा मोठा श्वास सोडला की पावत्या उडाल्या. आणि तेवढ्यात बाईंनी वाकून फ्रेमचा खालचा उजवा कोपरा बघितला. मग चष्मा चढवून बघितला. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "हे आपलं चित्र नाही."

"आपलंच आहे."

"नाही. कोपरा कुठे आहे?"

मी पुढे सरसावले. माझी सगळ्यात अवघड कामगिरी! मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की मॅडम, उंदरांनी खाल्लेला तो कोपरा मी नवीन बसवला आहे, इतका बेमालूम की आमच्या मालकिणीलाही सापडला नाही.

बाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही. राग नव्हता. आपली वस्तू कुणी हरवली की लहान मूल बघतं तसं होतं. "उंदीर नव्हते," त्या म्हणाल्या. "ते माझे दात होते."

त्यांचं अंथरूण त्या भिंतीशी असायचं. पोट भरलेलं नसायचं. कागदाखालच्या भाताला मिठाची चव होती. आधी त्या कोपरा चाटायच्या. चाटून कागद मऊ झाला, मग चावायला लागल्या. अकरा वर्षांची मुलगी, आणि लाज एवढी की कुणाला कधी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. "भावाला फोनवर विचारायचे, देऊळ आहे ना अजून? मला देवळाशी काय करायचंय! तो कोपरा आहे का, ते विचारत होते."

मला अशी लाज वाटली की सांगता सोय नाही. मिठाची चूक मी रात्रभर उराशी धरून बसले होते, तिचं त्यांना काहीच नव्हतं. ज्या कामावर माझी छाती फुगली होती, तेच मी करायला नको होतं. सतरा तुकडे रंगवले, पण त्या कोपऱ्याचं काय करू, असं एकदाही विचारलं नाही. फाटकं ते जोडायचं, खाल्लेलं ते भरायचं, एवढंच मला येत होतं.

"काढता येईल," मी म्हटलं. "आत्ता. पाचच मिनिटं."

मागची बाजू उघडली, चित्र बाहेर काढून काउंटरवर पालथं घातलं. जोडावर ओला टीपकागद ठेवला. मिठाची असो, हिंगाची असो, खळ ती खळच, पाणी लागल्यावर मऊ पडली. पातळ पातं घालून माझा सतरावा तुकडा अलगद उचलला. आयरीन तेवढ्यात आत आली होती, ती दारातच थांबली. चित्र सुलटं केलं. बर्फाच्या टोकाला तो वाकडातिकडा, अर्धगोल घास होता.

जुन्या चित्राला कुणी बोट लावलं तर आयरीन हातावर फटका मारायची. त्या दिवशी तिने स्वतः खुर्ची ओढून दिली. फुमिकोबाई बसल्या आणि करंगळीने ती कड हळूहळू चाचपत राहिल्या.

पुढचं थोडक्यात. शनिवारी ते चित्र काचेशिवाय, तसंच, साध्या पुठ्ठ्याच्या घडीत पार्टीला गेलं. सोमवारी परत आलं. चीर मी पुन्हा सोडवली, मीठ धुतलं आणि अळणी खळीने जोडली. कोपऱ्याला हात लावला नाही, आणि फ्रेमही अशी केली की तो पूर्ण दिसावा. मिसिसागाला कुरिअरने गेलं. त्यानंतर आयरीनने दुकान बंद करेपर्यंत कुठलंही फाटकं चित्र आलं की मी आधी विचारायचे, "यातलं काय तसंच ठेवायचं?" गिऱ्हाइकं चमकायची. काही जण मात्र सांगायला लागायचे.

पण त्या सकाळी दुकानात आणखी एक हिशेब राहिला होता. मिस्टर ओकाडा कोपऱ्याकडे बघत होते, बहिणीकडे बघत होते. मग म्हणाले, "आईने मला यावरून मारलं होतं. मी फाडलं म्हणून. मी उंदीर म्हणालो तर खोटं बोलतो म्हणून आणखी मारलं."

"माहीत आहे," फुमिकोबाई म्हणाल्या. "मी दारात उभी होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

त्यांनी करंगळी कोपऱ्यावरून काढली नाही.

"तुला मारून झालं होतं, केन. मग दोघांनी कशाला मार खायचा?"